बिस्किटागणिक

दुसरं बिस्किट संपेपर्यंत शर्वाणी लग्नाआधीची झाली. गळ्यातलं मंगळसूत्र दिसेनासं झालं, केस कमरेपर्यंत आले. चष्म्यातून उलट धूसर दिसायला लागलं म्हणून तिने तो काढून ओट्यावर ठेवला. कुमुदताईंनी तो हळूच डब्यांमागे सरकवला.

"सुंठ जास्त नाही ना झाली गो?"

"छान झालीय," शर्वाणी म्हणाली.

वेंगुर्ल्याच्या त्या घरात कुमुदताई एकट्या राहत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. शर्वाणी एकुलती एक लेक. ती आपल्या नवऱ्यापाठोपाठ न्यूझीलंडला निघाली होती, कायमची, आणि निरोप घ्यायला आली होती. हल्ली ती दूध, लोणी, तूप कशालाच शिवत नसे. लेक जाणार आणि तिला आवडीचं काही करून घालता येऊ नये, हे कुमुदताईंना फार लागलं होतं. मग त्यांनी खोबरेल तेल घेतलं. कणकेत गूळ, वेलची, लवंग, सुंठ आणि चहाची बारीक पूड मिसळून बिस्किटं भाजली. पिठीसाखरेत नारळाचं दूध घालून आयसिंग घोटलं आणि गरम चहाबरोबर, तोही बिनदुधाचा, बशी पुढे केली.

तिसऱ्या बिस्किटाला शर्वाणी कॉलेजात गेली. मग दोन वेण्या आल्या, आणि भूमितीच्या बाई मुद्दाम मलाच उभं करतात अशी तक्रार सुरू झाली. ही तक्रार कुमुदताईंनी पूर्वी पोळ्या लाटता लाटता, अर्धवटच ऐकली होती. आता त्या समोर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

ओट्यावरचा फोन वाजला. पडद्यावर जावयाचं नाव होतं.

"वैभव कोण गं, आई?"

"चुकून लागला असेल," कुमुदताई म्हणाल्या. त्यांनी फोन पालथा ठेवला आणि आणखी एका बिस्किटावर आयसिंग ओतलं, जरा जाडच.

खिडकीबाहेर पूर्वी तोडलेलं पेरूचं झाड परत उभं राहिलं. भिंतींना जुना पिस्ता रंग चढला. शर्वाणीचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकेनात, ती ते हलवत बसली.

"मला दूध दे. साय घालून."

कुमुदताईंचा हात पातेल्यापाशी थांबला. "मोठी झाल्यावर रागावशील."

"मी नाही मोठी होणार."

त्यांनी दूध दिलं. शर्वाणीच्या ओठांवर पांढरी मिशी उमटली. कुमुदताई ती पदराने पुसायला वाकल्या, तशी ती मागे सरकली. सुरकुतलेल्या हाताकडे, पांढऱ्या केसांकडे नीट बघत राहिली.

"आजी, माझी आई कुठेय?"

"मीच तुझी आई गो."

"नाही." ती खुर्चीवरून खाली उतरली. "माझी आई कुठे गेली?"

ती दारापर्यंत धावली, परत आली, सगळ्या खोल्यांतून हाका मारत फिरली. मागाहून वाढवलेल्या खोल्या नाहीशा होऊन घर लहान होत चाललं होतं, त्यामुळे हाका लगेच परत येत होत्या. कुमुदताईंनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केले, तर ती किंचाळली. मग त्यांनी बशी ओढली आणि उभ्या उभ्याच खायला सुरुवात केली. गुडघ्यांतली कळ गेली. वेणी काळी झाली, जड झाली, पाठीवर आपटली.

"आई!" शर्वाणी कमरेला बिलगली. "कुठे होतीस?"

"इथेच होते. बिस्किटं करत होते."

त्यांनी तिला मांडीवर घेतलं. तिच्या केसांना घामाचा आणि खोबरेलाचा वास येत होता. एवढंच हवं होतं त्यांना. बशी दूर सारायला त्यांनी हात नेला, पण शर्वाणीने आधीच एक उचललं होतं.

"आता माझ्या हातचं."

"पुरे गो बाय."

"माझ्या हातचं नको?"

लेकीच्या हातचं नको कसं म्हणणार? कुमुदताईंनी तोंड उघडलं. शर्वाणी भरवत गेली आणि हसत गेली. मांडी तिला पुरेना, मग ती मांडीवर राहिलीच नाही, शेजारी आली. दोघी फरशीवर बसल्या, फ्रॉकवर आयसिंग सांडलेलं, गुडघ्याला गुडघा लागलेला. कुमुदने बोट चाटलं. शर्वाणीनेही चाटलं.

बाहेर दारावर थाप पडली. बांगड्या वाजल्या, कुमुदच्या लहानपणी वाजायच्या तशा.

"दार उघडा गो मुलींनो, हात भरलेत माझे."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकदमच म्हणाल्या, "आई आली!"