वाळवलेलं रक्त

मोतीरामच्या मूत्राशयाच्या कर्करोगावर औषध सुरू व्हायचं होतं. ते कितपत लागू पडेल, याचा अंदाज रक्तातल्या सुजेच्या आकड्यावरून येतो. आकडा कमी असला तर बरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. नांदुऱ्याच्या बाजारात विकायला नेण्याआधी ओल जावी म्हणून कापूस उन्हात घालावा, तसं मोतीरामनं रक्तही तयार केलं. दुकानातून सूज उतरायच्या गोळ्या आणून दोन दिवस खाल्ल्या. आकडा हवा त्याच्या दुप्पट आला, आणि मोतीरामचा चेहराच उतरला.

"काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"सुजेची गोळी. माल दाखवाच्या आंधी नीट करा लागते ना, साहेब?"

"त्या गोळीनंच वाढलाय. त्यात स्टेरॉइड असतं; सूज उतरते, पण रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशींवरून हा आकडा काढतात, त्या वाढतात. आता काही न खाता पुन्हा तपासू."

मोतीरामचा जीव भांड्यात पडला. बायको सोजराबाई मात्र कडाडली, "अवो, डागदर दवा तुमाले देऊन राह्यला, का तुमच्या आकड्याले?"