भिंगरीच्या खुणा

कल्पना करा हं, मुलांनो. तुम्ही पहाटेपासून उभे आहात. समोर इस्पितळातल्या चादरींचा ढीग, हातात तापलेली इस्त्री. एक चादर झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. दुपार कलल्यावर कुठे सुट्टी होते, तोवर पाय इतके जड झालेले असतात की ते आपलेच आहेत का, असा प्रश्न पडावा. आणि घरी आल्या आल्या कुणी तुमच्यापुढे तीनशे प्रश्नांचं पुस्तक ठेवलं तर?

भिंगरीच्या आईपुढे ते रोज ठेवलं जायचं. ठेवणारी भिंगरीच. वय नऊ वर्षं, एका जागी म्हणून ठरायची नाही, त्यावरून हे नाव पडलेलं.

झालं होतं असं, की आई कामाला होती त्या धुलाईघराची गाडी चालवणारे काका महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. मुकादमबाईंनी आईला सांगून ठेवलं होतं, तोवर परवाना आणलास तर गाडी तुझी, नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल. गाडी म्हणजे बसून काम. हे ऐकून आईच्या आधी तिची कंबरच हो म्हणाली.

गाडीवर आईचा हात चांगला बसला होता. घोडं अडलं होतं ते लेखी परीक्षेपाशी. दोनदा ती थोडक्यात नापास झाली होती. आता शेवटची संधी. ही गेली की सगळं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर गाडी दुसऱ्याच्या हातात.

म्हणून मायलेकींनी एक रीत पाडली. भिंगरीने प्रश्न वाचायचा, आईने उत्तर द्यायचं, उत्तर आलं की भिंगरीने पेन्सिलीने समोर बरोबरची खूण करायची. पुस्तकभर खुणा झाल्या की परीक्षेची तारीख घ्यायची.

पहिले काही दिवस बरे गेले. मग चादरी वाढल्या. आई गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायची. पहिला प्रश्न नीट, दुसरा कसाबसा, तिसऱ्याला मान खाली. एकदा भिंगरीने विचारलं, मागून रुग्णवाहिका आली तर काय कराल? आई मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, "उशांचे अभ्रे वेगळे ठेव."

भिंगरीला हसू आलं. मग तिचं लक्ष बादलीतल्या सुजलेल्या पायांकडे गेलं आणि आईला उठवणं तिच्या जिवावर आलं. तिने पुढचे प्रश्न हळू आवाजात वाचले, उत्तरंही स्वतःच दिली आणि खुणा करून टाकल्या. जागी झाल्यावर आईला वाईट नको वाटायला. उद्या हे पुन्हा विचारू, असं तिने मनाशी ठरवलं. उद्याही तेच झालं, परवाही.

एका संध्याकाळी आईने पुस्तक चाळलं. शेवटच्या पानापर्यंत खुणा.

"एवढं सगळं मला आलं?" तिने विचारलं.

भिंगरी नुसतं "हं" म्हणाली.

"मला मेलीला आठवतही नाही बघ. दमलं की डोकं चालतच नाही."

तिने फोन काढला. परीक्षेच्या दोनच तारखा उरल्या होत्या, एक परवाची आणि एक महिन्याच्या शेवटच्या शनिवारची. तयारी झालीच आहे तर कशाला लांबवायचं, म्हणत आईने परवाची घेतली. बदलायची झाली तर उद्या संध्याकाळपर्यंत बदलता येईल, असं खाली लिहून आलं. आईने ते वाचलंही नाही. भिंगरीने मात्र ते दोनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी आई घरी आली, तेव्हा भिंगरी दारातच पुस्तक घेऊन उभी होती.

"आई, त्या खुणा माझ्या आहेत."

"तुझ्याच ना. मी कुठे पेन्सिल हातात धरते?"

"तसं नाही. तू झोपायचीस. उत्तरं मीच द्यायचे."

आई खुर्चीत टेकली. तिने चपलाही काढल्या नाहीत.

"किती?"

"पहिल्या चाळीस तुझ्या आहेत. पुढच्या जवळजवळ सगळ्या माझ्या."

भिंगरी बोलणी खायच्या तयारीने उभी राहिली. आईने पुस्तक तिच्या हातातून घेतलं, चाळिसाव्या खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "उठवायचंस ना गं मला."

"तू दमलेली असतेस."

"दमलेली तर मी रोजच असणार, बाई. परीक्षेलाही दमूनच बसणार. तिथे माझी उत्तरं द्यायला तू नसशील."

तिने फोन काढून तारीख बदलली. शनिवारची एकच जागा राहिली होती, ती मिळाली. म्हणजे दहा दिवस हातात आले. मग दोघींनी मिळून एकेचाळिसाव्या प्रश्नापासून पुढच्या सगळ्या खुणा खोडून काढल्या. पानं मळकट झाली, खोडरबराचा चुरा फरशीभर पसरला. तो झाडायचं त्राण आईत नव्हतं. तिने पाय बादलीत सोडले आणि म्हणाली, "वाच."

एकेचाळिसाव्याचं उत्तर आलं. बेचाळिसावा चुकला, मग जमला. त्रेचाळिसाव्याला आईची मान हळूहळू खाली गेली आणि तिचा श्वास संथ झाला.

भिंगरीने प्रश्न अर्ध्यावर सोडला. क्षणभर ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही हातांनी आईचे खांदे धरले, डोळे उघडेपर्यंत तिला गदागदा हलवलं, आणि तोच प्रश्न पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचला.