हात पोचेल तेवढं घर

हेमलता चौगुलेचा उजवा हात जिथवर पोचायचा, तिथवरच तिचं घर उरलं होतं. आधी खिडकी गेली. हात खांद्यातून बाहेरच्या बाजूला वळेना, तेव्हा खिडकीची कडी हाताला लागेना, आणि एके सकाळी पाहते तो खिडकीच्या जागी भिंत, तीही जुन्याच रंगाची. मग त्याच अंगाला असलेला जिना गेला. डावा हात धडधाकट होता, पण घरानं त्याला कधी जमेस धरलंच नव्हतं. आजवरची सगळी ओढाताण उजव्यानं केलेली, त्यामुळे घराला तोच ओळखीचा.

जिना गेल्याचं तिला वाईट वाटलं, नवल मात्र वाटलं नाही. थकलेल्या माणसाला नवल करायलाही अंगात बळ लागतं.

वर माडीवर अक्का होती, हेमलताची आई. महापुरात सांगलीतल्या त्या गल्लीत छातीभर पाणी आलं, तेव्हा शेजाऱ्यांनी अक्काला उचलून माडीवर नेऊन बसवलं. पाणी ओसरलं, गाळ काढून झाला, भिंतींना रंगसुद्धा दिला, पण अक्का खाली यायला तयार नाही. "नदी काय सांगून येती व्हय?" एवढंच म्हणाली. तेव्हापासून चहा, जेवण, औषध सगळं हेमलतानं वर न्यायचं, अक्काला काखेत धरून उठवायचं, मोरीपर्यंत न्यायचं, परत आणून निजवायचं. त्यातच खांद्यानं हाय खाल्ली.

जिना गेल्यावर वर जाण्यासारखं एकच उरलं, ते तक्तपोशीतलं, माडीखालच्या फळ्यांच्या छतातलं चौकोनी भोक. पूर्वी जोंधळ्याची पोती वर ओढून घ्यायला ठेवलेलं. हेमलता त्यातून ताट वर सरकवायची आणि अक्का काठाशी बसून घ्यायची. हेमलता एकदा स्टुलावर चढली, तर तक्तपोशी तेवढीच वर सरकली. तिचं नातं स्टुलाशी नव्हतं, खांद्याशी होतं.

"अक्का, भोकातनं खाली येतीस काय? मी धरते."

"कुठल्या हातानं धरशील?" अक्का म्हणाली आणि भाकरी मोडू लागली.

फिजिओथेरपीवाली तबस्सुम मुजावर घरी येऊन व्यायाम करून घ्यायची. पोरगी वयानं लहान पण कामाला कडक. या खेपेला ती दारातून वाकूनच आत आली.

"तक्तपोशी खाली आलीय, मावशी."

"हात खाली आलाय."

"तेच म्हणतेय मी." तिनं ओट्यावरची बशी घेऊन उभी धरली आणि तिच्यावर मोसंबं टेकवलं. "शाळेत ह्याला उखळीचा सांधा म्हणतात. उखळ कसलं, ही बशी आहे. एवढाशा बशीवर एवढा मोठा गोळा. म्हणून तर खांदा चहूकडं फिरतो, आणि म्हणूनच कधी धड बसत नाही. स्नायूंनी धरायचा म्हणून धरलेला असतो. त्याच्याभोवती एक पिशवी असते. झब्ब्याच्या काखेत कापड सैल सोडतात ना, तशी ती खालून सैल असते. हात वर नेला की ते सैल कापड उलगडतं. तुमचं चिकटलंय. पिशवी आक्रसायला लागलीय."

"मग आता?"

"बाहेर वळणं गेलंच. आता वर जाणं जाईल. मग पाठीमागं नेणं."

"पाठीमागं माझं परसदार आहे."

मुजावरनं जरा विचार केला. "तुळस पुढं आणून ठेवा," ती म्हणाली. "पण घाबरू नका. हा खांदा सुटतो. वर्ष लागेल, दोन लागतील, पण सुटतो. तोवर हलवत राहायचा. थांबलात की आक्रसला."

मग तिनं हेमलताला भिंतीसमोर उभं केलं आणि बोटं मुंगीसारखी एकेक करत वर चढवायला लावली. बोटं जिथं अडली तिथं हेमलतानं पाठीचा फरा, खांद्यामागचं ते पसरट हाड, उचलून हात आणखी थोडा वर नेला. मुजावरचा तळवा फऱ्यावरच होता. "लबाडी नको. हा हात नाही गेला वर, फरा गेला." तक्तपोशीही त्या लबाडीला फसली नाही, जागची हलली नाही. पण जेव्हा हात खरोखर वर गेला, हेमलताच्या डोळ्यांत पाणी आणून गेला, तेव्हा लाकूड करकरलं आणि भोकाच्या कडा किंचित रुंदावल्या. अक्कानं वरून विचारलं, "कोण आलंय गं?"

तेव्हापासून हेमलता दिवसभर भिंतीवर बोटं चढवत राहिली. भाजी फोडणीला टाकली की भिंत, कुकरची शिट्टी झाली की भिंत. सकाळी कमावलेलं संध्याकाळपर्यंत निम्मं जायचं. आणि रात्र काही तिच्या हातात नव्हती, कुशीवर वळलं की कळ उठायची.

पुण्याहून भावाचा, विलासचा फोन आला. "ताई, हाताला आराम दे. झोळीत घाल चार दिवस."

"अक्काचं कसं होईल?"

"काय व्हायचंय? दिवाळीला येतोच की मी."

आराम दे, असं सगळेच म्हणत होते. त्या गल्लीत हात दुखला की झोळी, पाय दुखला की खाट आणि डोकं दुखलं की चहा, ह्यापलीकडे औषध नव्हतं. शेवटी अक्कानंच आपल्या जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून भोकातून खाली सोडला. "बांध. तुझं कण्हणं ऐकवंना मला."

हेमलतानं बांधला. मुजावरचे शब्द तिला तोंडपाठ होते, तरी बांधला. दुपारची जेवणं झाली होती. हात गळ्यातल्या झोळीत पडला आणि अख्ख्या अंगाचं ओझं कोणी उतरवून घेतल्यागत तिला वाटलं. डोळा लागता लागता तिच्या मनात आलं, भोक मिटलं तर मिटलं. ताट वर द्यायला नको, हाकेसरशी उठायला नको. त्या विचाराची तिला लाज वाटली, पण झोप लाजेपेक्षा दांडगी निघाली.

जाग आली तेव्हा उठून बसता बसता तिचं कपाळ तक्तपोशीवर आपटलं. पाठीमागचं परसदार गेलं होतं. भिंत पाठीला टेकली होती आणि तुळस पुढं आणायची राहून गेली होती. भोक वाटीएवढं उरलं होतं.

"हेमा," वरून हाक आली, "चहाचं काय झालं गं?"

हेमलतानं झोळी ओरबाडून काढली. बोटं भिंतीवर चढवायला गेली, पण चढायला भिंतच उरली नव्हती. तिनं डाव्या हातानं उजव्याचं कोपर धरून वर रेटलं. खांद्यात काहीतरी फाटल्यासारखं झालं, आणि बोटं भोकात शिरली. तेवढ्यावर तक्तपोशी थांबली.

त्या संध्याकाळी भाकरीची गुंडाळी करून तिनं वर दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडाळीही बारीक करावी लागली. मुजावर दारापर्यंत आली, पण दारातून आत शिरण्याएवढी जागा नव्हती. तिनं बाहेरूनच सांगितलं, "सोडू नका, मावशी." हेमलता म्हणाली, "नाही सोडत." मग मुजावर पुढच्या पेशंटकडे गेली.

हेमलता बसून राहिली, कोपर वर, बोटं भोकात. मान तिरपी करावी लागत होती. जरा डुलकी आली की हात उतरायचा आणि कडा बोटांना चावायच्या. तिला अक्काचा राग आला, नदीचा आला, विलासचा तर आलाच. मग रागही धरवेना इतकी ती दमली आणि तिला रडू आलं.

अक्कानं वरून तिच्या बोटांना हात लावला. "झोपली न्हाईस काय?"

"झोपले की मिटतंय, अक्का."



"बोटं काढ," अक्का म्हणाली.

"कशाला?"

"काढ म्हटलं की काढावं."

हेमलतानं बोटं काढली. कडा जवळ सरकायच्या आत भोकातून अक्काचा हात खाली आला. हिरव्या बांगडीसकट, कोपरासकट, वाळक्या शेंगेएवढा बारीक. अक्काचे गुडघे गेले होते, कंबर गेली होती, पण खांदा लोण्यासारखा फिरत होता. किती वर्षांत तिला काही उचलावंच लागलं नव्हतं. हात पुढं गेला, मागं वळला, बाहेर वळला, आणि चाचपत चाचपत हेमलताच्या डोक्यावर आला.

"आत हात असल्यावर मिटंल कसं? मी धरते. तू पड जरा."

"अडकेल की तुझा."

"अडकू दे. मला कुठं जायचंय?"

हेमलतानं आपला हात मांडीवर ठेवला. खांद्यातली कळ हळूहळू विझत गेली. तक्तपोशी खाली यायला लागली. लाकूड आधी अक्काच्या कोपराभोवती बसलं, मग दंडाभोवती. ते गच्च बसत होतं, पण अक्कानं हात मागं घेतला नाही. बोटांनी हेमलताच्या केसांतला गुंता सोडवला, मग मानेवरून उतरत ती दुखऱ्या खांद्यापाशी आली आणि थोपटू लागली.

"अक्का," हेमलता म्हणाली, "काढ आता."

"झोप," अक्का म्हणाली. आवाज लाकडाच्या आतून आला.

हेमलतानं डोळे उघडे ठेवायची पराकाष्ठा केली. उजवा हात उचलायचं तिनं मनात आणलं, तो मांडीवरून हलला नाही. तक्तपोशी केसांना लागली. काखेपर्यंत खाली उतरलेला अक्काचा हात तिच्या खांद्यावर थोपटत होता, आणि तिला झोप लागली.