गुड्डी आणि राइस मिलचा पासवर्ड

गुड्डी मांडीवर झोपली की माझे दोन्ही हात मोकळे होतात. आत्ता झोपलीय, म्हणून लिहून घेते.

शहापूरच्या एका राइस मिलचे कॉम्प्युटर मी सांभाळायची. धानाच्या वजनापासून बिलापर्यंत सगळं एकाच लिनक्स मशीनवर. बाळंतपणानंतर काम परत हवं होतं, पण गुड्डीला सोडून नाही. मालक केशवरावजी म्हणाले, "घरून कर, मी कायले नाही म्हनू? पन तू तिकडं वरठीले घरी बसून मशीनवर काय केलं, मले कसं समजंन?"

खरंच होतं. मिलमध्ये ॲडमिनचा, म्हणजे सगळे अधिकार देणारा, पासवर्ड वजनकाट्याजवळच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला. ज्यानं त्यानं यावं, टाकावा. मी म्हटलं, आता प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड वेगळा.

"सारे घरचेच तं आहोत," काट्यावरचे भैय्याजी म्हणाले. "वेगवेगळी नावं काहून?"

"घरचेच जी. पन दात घासाचा ब्रश तं वेगळा असते ना?"

भैय्याजी खो खो हसले आणि स्वतःच ओलं फडकं घेऊन भिंत पुसून आले.

मग प्रत्येकाला आपलं आपलं खातं दिलं. ॲडमिनचा अधिकार हवा तर 'सुडो' लिहायचं, स्वतःचा पासवर्ड टाकायचा. कोणी, कधी, कोणती कमांड दिली, याची ओळ लगेच केशवरावजींच्या टेबलावरच्या दुसऱ्या मशीनमध्ये जाते. तिथली ओळ मलाही पुसता येऊ नये, अशी सोय मुद्दाम केली.

काल दुपारी या सोयीची घरून परीक्षा होती. फोनवर केशवरावजी. मी 'सुडो' लिहिलं, मशीननं पासवर्ड मागितला, आणि तेवढ्यात मांडीवरच्या गुड्डीनं दोन्ही तळहात कीबोर्डवर आपटले. धप, धप, धप! मी तिचे हात धरेपर्यंत तीनदा एंटर दाबलं जाऊन मशीननं मला नकार दिलेला.

मला वाटलं, गेलं काम.

"तृप्ती, इथं तुयं नाव येऊन राहिलं. तीनदा पासवर्ड चुकला म्हन्ते."

"मी नाही जी, गुड्डीनं हात मारला..."

"म्हन्जे चुकलं तरी दिसते? ज्यानं बसवलं त्याचंही?"

"दिसते जी."

"मंग झालं! सोमवारपासून घरूनच कर."

मागून भैय्याजी ओरडले, "अन् पोरीले बी खातं काढून दे! मायच्या नावानं कायले ठोकते?"

मी इतकी हसले की गुड्डीही हसायला लागली, नुकते आलेले दोन दात दाखवत.

खातं काही काढलं नाही. पण तिच्या हातांची ती ओळ आहे तिथं. मला पुसता येत नाही, हे किती बरं झालं.