एकशे ऐंशीवी रांग

टपालाने आलेल्या पाकिटात आठ कागद होते. चार पहिल्या गॅमा शोधकाचे, चार दुसऱ्याचे. हे दुसरे चार वेगळ्या बंद पाकिटात. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं : एकेका शोधकाच्या दोनशे चाळीस रांगा, दर रांग पाव सेकंदाची, तिचा पहिला आकडा तेवढ्या वेळात टिपलेल्या किरणांचा. उपग्रहाने खरोखर दूरच्या आकाशातला गॅमा किरणांचा स्फोट टिपला, की यंत्र चुकलं, ते हाताने तपासून कळवा. मागच्या वेळी मी कळवलेला स्फोट यंत्राचीच चूक निघाला होता. पुन्हा तसं झालं तर प्रकल्पातली माझी जागा जाणार होती.

सुट्टीसाठी मी वालूरला आले होते. स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता. हवं तेच त्यांना दिसायचं. म्हणून रांगांचे पहिले आकडे वाचायला वडिलांना, दादांना, बसवलं. दादा खळ्यावरचे मापारी. दर मापाला ज्वारीचा एक दाणा बाजूला टाकायचा, वीस दाण्यांची एक ढिगली करायची, ही त्यांची रीत. रांगांनाही त्यांनी तीच लावली.

शेजारचे तात्याराव ओट्यावर येऊन बसले. "कसल्या याद्या करायलीस, पोरी? नामांतराच्या तं न्हाईत?"

"उपग्रहाचे आकडे हायत, काका."

"मटक्याचे म्हण की. ओपन काय आला, राधाकिशन?"

"चौदा," दादा म्हणाले आणि दाणा टाकला. "तेरा. बोलू नका, माप चुकतंय."

आकडे अकरा ते सोळामध्ये फिरत होते. मग अठ्ठ्याहत्तर आला. पुढच्या रांगेतही अठ्ठ्याहत्तर. यंत्राची चूक लागोपाठ दोनदा सारखी होणं अवघड. मी वहीत 'अर्धा सेकंद' असं लिहूनही टाकलं.

वाचून झाल्यावर दादा ढिगल्यांकडे बघत राहिले. "बारा ढिगल्या आन् एक दाणा. रांग जास्तीची हाय."

"दाणा चुकून पडला आसंल."

"चाळीस साल झाले माप करायलोय, दैवशाला. कागदात दगा हाय."

"आता कागदावर बी शक," तात्याराव म्हणाले. "पोरगी बापावरच गेली."

दादांनी तिसऱ्या कागदाची शेवटची रांग आणि चौथ्याची पहिली शेजारी धरली. रांगेत चार आकडे, चारही तेच. वेळेचा रकाना झेरॉक्समध्ये कापला गेला होता, आणि ही एक रांग दोनदा आली होती. म्हणजे अठ्ठ्याहत्तर एकदाच, एकशे ऐंशीव्या रांगेत. आजूबाजूची सरासरी चौदा. फरक चौसष्ट. यंत्रातला एक बिट, म्हणजे शून्य-एकाची एक खूण, उलटला तर आकडा नेमका एवढा चढू शकतो. मी 'अर्धा सेकंद' खोडलं.

स्फोट खरा असेल तर दुसऱ्या शोधकातही त्याच रांगेत आकडा चढायला हवा होता.

"फोडू का पाकीट?" दादांनी विचारलं.

"तुमीच फोडा. मी न्हाई बघत."

मी भिंतीकडे तोंड केलं. दादांनी आधी रांगा मोजल्या, दाणे टाकत; बाराच ढिगल्या भरल्या. मग वाचायला लागले. मी पोस्टकार्डावर लिहिलं :

दुसरा शोधक, रांगा १७८ ते १८२ : १२, ११, ४९, १२, ११.