मामंजींचं अक्षर

दांचिलेच्या सासऱ्याचं नाव 'गी'नं सुरू होत होतं. सगळा घोटाळा तिथून झाला.

इथिओपियातल्या सिदामा लोकांत सुनेनं सासऱ्याचं नाव तर घ्यायचं नसतंच, पण त्या नावाचं पहिलं अक्षरसुद्धा तोंडात आणायचं नसतं. आणि सिदामा भाषेत आगीला म्हणतात गीरा. आता करा काय करायचं ते! दांचिले मग कधी 'तांबडी' म्हणायची, पाहुण्यांसमोर 'ऊबवाली', सासू जवळ असली की 'चुलीतली'. घरात पोराटोरांनासुद्धा कळायचं. पळून दक्षिण आफ्रिकेत आल्यावर प्रिटोरियाच्या निर्वासित कचेरीत ते कुणाला कळणार, कपाळ!

खरं तर हामेसोला कळायला हवं होतं. तो कचेरीचा फोनवरचा दुभाषा. पण जन्म आदिस अबाबातला, सिदामा भाषा बाजारापुरती. त्या दिवशी जोहान्सबर्गमधल्या आपल्या ब्लँकेटच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी घासाघीस करत, कानाखांद्यात फोन धरून त्यानं तिची जबानी इंग्रजीत केली होती. "वर्दीवाले आले. मग एक लाल बाई आली, तिनं घर खाल्लं. सासरा आत होता." अधिकाऱ्यानं पुन्हा विचारलं तेव्हा हा म्हणाला, "ऊन आलं." तिसऱ्यांदा म्हणाला, "स्वयंपाकघरातलं काहीतरी."

निकालात लिहिलं गेलं: एका प्रसंगाच्या तीन हकिकती, त्यातली एक भुताटकीची. बाई विश्वास ठेवण्याजोगी नाही. देश सोडावा. म्हणजे परत त्याच वर्दीवाल्यांच्या तावडीत.

वकीलबाई रेफिल्वेंनी उच्च न्यायालयात दाद मागितली आणि एका दुपारी हामेसोला आपल्या कचेरीत बोलावलं. दांचिले कोपऱ्यात बसली होती.

"हामेसो भाऊ, जबानीची टेप ऐका. आणि चूक तुमची असेल तर शपथेवर लिहून द्या."

"लिहून दिलं की माझं तिथलं काम गेलं बाई."

"आणि नाही दिलं तर ही गेली."

हामेसोनं खुर्ची टेपजवळ ओढली. टेप सुरू झाली. दांचिलेचा आवाज म्हणाला, "वर्दीवाले आले. मग आली ती..." आणि ती अडखळली. तेवढ्या फटीत एक म्हातारा पुरुष, अगदी मायक्रोफोनजवळ, हळूच म्हणाला, "गीरा."

मग दांचिले म्हणाली, "...तांबडी."

पुढं ती दोनदा अडखळली, दोन्ही वेळा म्हातारा बोलला.

"कोण हा?" रेफिल्वे म्हणाल्या. "तुमचा आवाज आहे का?"

"माझा फोनमधून खरखरत येतोय की! हा त्या खोलीतला आहे. त्या दिवशी ऐकला असता तर मी 'आग' म्हटलं नसतं का?"

त्यानं वळून पाहिलं. दांचिले उठून उभी होती. शाल कपाळावर ओढलेली, नजर जमिनीवर. दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीपासून ती दोन पावलं बाजूला सरकली होती.

"काय झालं ताई?"

"काही नाही दादा. मोठं माणूस आलं की उठायचं असतं."

हामेसोनं त्याच दिवशी लिहून दिलं. आठवड्याभरात निर्वासित कचेरीनं त्याला काढून टाकलं. एवढी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती, आणि ती काम गेल्याची नव्हती, त्या दिवशीच्या घासाघिशीची होती.

न्यायालयात सरकारी वकील म्हणाले, दुभाष्याचं हे शहाणपण मागाहून सुचलेलं आहे. न्यायमूर्ती बाईंनी चष्मा काढला.

"बाई खरं बोलते की खोटं, हे ठरवणं माझं काम नाही. ठरवताना रीत पाळली का, एवढंच मी बघते. टेप लावा."

टेप तीनदा लागली. न्यायालयात जळक्या छपराचा वास पसरला, शिपायानं उठून खिडकी उघडली.

"जबानी गुप्त असते. मग हा तिसरा इसम कोण?"

सरकारी वकिलांनी कागद वरखाली केले. "नोंद नाही, माय लेडी."

"नोंद नाही आणि माणूस आहे! निकाल रद्द. जबानी नव्यानं घ्या. खोलीत अधिकारी, दुभाषा आणि ती, बाकी कुणी नको."

बाहेर पायऱ्यांवर रेफिल्वेंनी आनंदानं दांचिलेला मिठी मारली. दांचिले मात्र हामेसोकडं बघून रडायला लागली.

"पुन्हा सांगायचं? पुन्हा मी अडखळणार, पुन्हा ते येणार. जळून मेलेत हो ते, दादा. दर वेळी तोच शब्द. तोंड पोळत असेल त्यांचं."



नव्या जबानीच्या दिवशी हामेसो आपणहून तिच्याबरोबर गेला. दुभाषा आता दुसरा होता, कुणी तरुण मुलगा. खोलीबाहेर एक लाकडी बाक होता. दांचिलेनं शालीच्या टोकानं बाकाचं एक टोक पुसलं, शाल कपाळावर ओढली आणि मागं सरून थांबली. बाक कुरकुरला.

"आत कुणाला परवानगी नाही, मामंजी. तुम्ही इथंच बसा," ती म्हणाली. मग हामेसोला म्हणाली, "दादा, जरा लक्ष ठेवा त्यांच्याकडं."

ती आत गेली. दार पातळ प्लायवूडचं, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"घर कशानं गेलं?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"वर्दीवाले आले. मग..."

आणि ती अडखळली. हामेसोच्या शेजारची फळी कुरकुरली, कुणीतरी गुडघ्यांवर हात टेकून उठत होतं. हामेसोला पळून जावंसं वाटलं, तरी त्यानं हात पुढं केला.

"बसा आजोबा. बसा हो. तिला बोलू द्या या वेळी."

फळी थांबली.

"गीरा," दांचिले आतून म्हणाली, मोठ्यानं आणि स्वच्छ. "गीरा लावली त्यांनी. आत माझे मामंजी होते." आणि मग तिनं त्यांचं नावसुद्धा घेतलं, अख्खं. "गीचामो."

"आग," नव्या दुभाष्यानं लगेच सांगितलं. "त्यांनी आग लावली. आत तिचे सासरे होते, गीचामो."

हामेसोच्या शेजारी एक लांब श्वास सुटला. हामेसोनं फळीवर हात ठेवला. ती गरम होती. दांचिले बाहेर येईपर्यंत तो हात तिथंच ठेवून बसला, आणि फळी हळूहळू गार झाली.