बाबांच्या बाजूचं बोलणं

डॉक्टरांनी आईला घरी न्यायला सांगितलं त्याला चार दिवस झाले होते. या चार दिवसांत आईने एकच गोष्ट मागितली होती. जेवण नको, औषध नको, "ती कॅसेट लाव," एवढंच.

घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज गेला होता. शेवटचं वर्षभर ते टीव्हीला जोडलेल्या घरगुती कॉम्प्युटरवर टाइप करून बोलायचे आणि जे बोललं ते कॅसेटवर उतरवून ठेवायचे. त्याला तीस वर्षं होऊन गेली. माळ्यावरून काढलेलं यंत्र चालू झालं तेव्हा थोरल्या लेकीचा जीव भांड्यात पडला होता. पण कॅसेट वाचायला सहा मिनिटं लागत आणि पाचव्या मिनिटाला पडदा गोठे. कुठलंही बटण दाबा, ढिम्म हलत नसे.

मदतीला आलेल्या मामांची हयात रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांनी वीजपुरवठ्याचा डबा बदलला, जोडण्या घासून काढल्या, झाकण उघडून समोर पंखा लावला. सहाव्या मिनिटापर्यंत गाडी गेली आणि अडकली.

"लागलं का गं?" आतल्या खोलीतून आईने विचारलं.

"लागतंय, आई," थोरली म्हणाली. खोटं बोलायची तिला आता सवयच झाली होती.

दर खेपेला फीत झिजत होती. एका जागी तर ती चुरगळलेली दिसत होती. आणखी किती वेळा चालेल, हे मामांना विचारायचं तिला धाडस होईना.

मामा एकेका चिपवर बोट टेकवत गेले. आठ सारख्या चिपांच्या ओळीतल्या पाचवीवरून त्यांनी बोट झटकन उचललं. "हीच. तापली की सगळं विसरते."

"मग काढून टाकू."

"काढताना खालच्या पाटीवरचा तांब्याचा पट्टा उखडला तर सगळंच गेलं. माझ्याकडच्या तसल्याच मेलेल्या यंत्रातली चांगली चिप हिच्या पाठीवर बसवायची. पायाला पाय जोडायचा. सोळा पाय." त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. ते थरथरत होते. "पण हे काम माझ्या हातून व्हायचं नाही."

थोरली दातांच्या कवळ्या बनवायची, तिचा हात स्थिर होता. पण सोल्डरिंगची तापलेली सुई तिने आयुष्यात धरली नव्हती. नवव्या पायाला कथील सांडलं. मामांनी ओला कपडा पुढे केला. आतून आईचा श्वास ऐकू येत होता. मधेच तो थांबला तेव्हा थोरलीचा हातही थांबला. श्वास पुन्हा सुरू झाला.

सोळा पाय जोडून झाले. यंत्र चालू केलं, तर पडदा काळा. "आता संपलं, मामा."

"बाराव्या पायाला कथील लागलेलंच नाही, नीट बघ."

ते लावलं. पडदा उजळला. पाचवं मिनिट गेलं, सहावं गेलं आणि अक्षरं उमटली.

त्यांनी टीव्हीसकट सगळं आईच्या पलंगापाशी नेलं नाही, कारण हलवायची भीती वाटत होती. पलंगच दारापर्यंत ओढला. आईला दिसत नव्हतं, म्हणून थोरली वाचू लागली.

"'पाणी बंद केलंस का?'"

एवढंच? चार दिवस यासाठी? थोरलीला रडू फुटायला आलं होतं. तिने पुढची ओळ वाचली. "'मग परत बघून ये.'"

"केलं हो, दोनदा बघितलं," आई म्हणाली.

थोरलीने वळून पाहिलं. आईचा चेहरा छताकडे होता. बाबांनी आपल्या बाजूचं टाइप केलं होतं, आईची बाजू कुठेच लिहिलेली नव्हती.

"'गोळी कडू आहे.'"

"चावता कशाला मग? गिळायची."

मामा भिंतीला टेकून खाली बसले. विसाव्या मिनिटाच्या आसपास पडदा पुन्हा गोठला, अर्ध्या वाक्यावर. थोरली उठू लागली तशी आईने तिचं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली, "पुढचं मला माहीत आहे." आणि हळू आवाजात ती दोघांचंही बोलू लागली.